‘तुरुंग’ हा शब्द जिथून आला

लिस्बनमधल्या बेलें भागात, तेजु नदीच्या काठावर, जमिनीतच जगाचा एक नकाशा बसवला आहे. रंगीत दगडांचा, पन्नास मीटर रुंद होकायंत्राच्या मधोमध. त्यावर छोटी जहाजं आणि वर्षं कोरलेली आहेत : पोर्तुगीज कुठे, कधी पोचले त्यांची. येणारा प्रत्येक जण त्यावर आपला देश शोधतो, त्यावर पाय ठेवतो आणि बुटाचा फोटो काढतो. मीही काढला. माझ्या एका बुटाखाली मुंबईपासून मंगळूरपर्यंतचा किनारा झाकला गेला. स्टोरी टाकली, दहा मिनिटांत तीस-चाळीस बदाम आले.

रात्री हॉस्टेलच्या बंकवर पडल्या पडल्या तोच फोटो पुन्हा पाहिला आणि ओशाळल्यासारखं झालं. माझे आजोबा बांद्याचे. सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं ते गाव. ऑगस्ट १९५५ मध्ये देशभरातून सत्याग्रही आले आणि तिथून पत्रादेवीच्या बाजूने गोव्यात शिरले. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते. घराघरांतून भाकऱ्या गोळा करून सत्याग्रहींना पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. १५ ऑगस्टला पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आदल्या रात्री ज्यांना भाकरी वाढली, त्यांतले कोण परत आले आणि कोण नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांना नावंच ठाऊक नव्हती.

तो किनारा माझ्या बुटाखाली होता. बूट मीच ठेवला होता, पण तो तिथे ठेवावा असं मला वाटायला लावलं त्या जागेच्या रचनेने. म्हणून पुढचे पाच दिवस मी लिस्बन ‘पाहण्या’ऐवजी वाचायचं ठरवलं. एखादं पुस्तक वाचतो तसं. यात काय सांगितलंय, कुणाच्या तोंडून सांगितलंय, आणि कोणतं पान फाडलंय?

न पोचणारं जहाज

नकाशाच्या शेजारी शोधांचं स्मारक उभं आहे, ‘पाद्रांव’. पन्नास मीटरहून उंच, जहाजाच्या नाळेच्या आकाराचं. टोकाला हातात छोटं जहाज घेतलेला राजपुत्र हेन्री, आणि त्याच्यामागे दोन्ही बाजूंनी चढत जाणारी रांग : दर्यावर्दी, राजे, नकाशे काढणारे, पाद्री. एकूण तेहतीस जण. वास्को द गामा आहे. गोवा जिंकणारा अफोंसु द अल्बुकर्क आहे. ज्यांचं शव गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर आहेत. कवी कामोंइश आहे. बाई एकच, हेन्रीची आई.

शिल्प म्हणून ते चांगलं आहे, हे कबूल करायला हवं. तेहतीस दगडी माणसांमध्ये एक ओढ आहे, सगळं वजन पुढे झुकलेलं आहे. खाली उभं राहिलं की आपणही नकळत नदीकडे तोंड करतो. पण थोडा वेळ थांबून पाहिलं की एक गोष्ट खटकते. हे जहाज कायम निघतच असतं. ते कुठे पोचत नाही. पोचलेलं दाखवायचं तर किनारा दाखवावा लागेल, आणि किनाऱ्यावर माणसं असतील. मालिंदीहून गामाला हिंदी महासागर ओलांडून देणारा वाटाड्या असेल. कालिकतच्या बाजारात गामाच्या क्षुल्लक भेटवस्तू पाहून हसणारे व्यापारी असतील. पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेली माणसं असतील. या सगळ्यांना टाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जहाज बंदरातून हलूच न देणं.

हे स्मारक पंधराव्या शतकातलं नाही, हे अनेक पर्यटकांच्या लक्षात येत नाही. ते पहिल्यांदा उभं राहिलं १९४० मध्ये, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने भरवलेल्या ‘पोर्तुगीज जगा’च्या प्रदर्शनात. तेव्हा ते तात्पुरतं, नाटकाच्या सेटसारखं होतं. १९६० मध्ये, हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून, तेच पुन्हा काँक्रीट आणि दगडात बांधलं. होकायंत्र आणि नकाशा ही दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या सरकारची भेट, म्हणजे वर्णभेदाच्या काळातली. थोडक्यात, साम्राज्य हातातून निसटू लागलं तेव्हा बांधलेली ही साम्राज्याची जाहिरात आहे. पुढच्याच वर्षी अंगोलात बंड पेटलं आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा गेला. सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला शेवटच्या माणसापर्यंत लढायला सांगितलं होतं. गव्हर्नर वासालु इ सिल्वाने शरणागती पत्करली, माणसं वाचवली, आणि त्याबद्दल त्याला लष्करातून काढण्यात आलं. तो या जहाजावर नाही. माझ्या मते तिथे उभं राहायचा हक्क असलेला निदान एक पोर्तुगीज तो होता.

नाव घ्या : ‘शोधांचं स्मारक’. इथे आपण हसू शकत नाही, कारण ‘वास्को द गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य मी स्वतः शाळेत पाठ केलंय. ‘सागरी मार्ग शोधला’ अशी दुरुस्ती बाईंनी नंतर केली, पण पेपरात दोन्हीला मार्क होते.

मिरी आणि गेंडा

रस्ता ओलांडला की जेरोनिमुश मठ. १५०१ च्या सुमारास राजा मानुएलने काम सुरू केलं. दगडात दोरखंड, समुद्री वेली, पोवळी कोरलेली. अंगणातल्या कमानींखाली सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा तुमच्यातला टीकाकार गप्प बसतो. माझाही बसला. पण या सौंदर्याची पावती उपलब्ध आहे. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारातून येणाऱ्या मालावर सुमारे पाच टक्के कर होता आणि तो या बांधकामाला लावला जाई. लोक त्याला मिरीचा विसावा हिस्सा म्हणत. मलबारच्या वेलीवर पिकलेली मिरी इथे दगडी वेल झाली. आत, दाराजवळ, गामा आणि कामोंइश यांची थडगी समोरासमोर आहेत : ज्याने प्रवास केला तो, आणि ज्याने त्या प्रवासाचं महाकाव्य केलं तो. इतकी नेटकी मांडणी क्वचित दिसते. कर्ता आणि त्याचा समीक्षक एकाच छताखाली, आणि समीक्षक पूर्णपणे कर्त्याच्या बाजूचा.

त्या दिवशी मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र बेलेंच्या बुरुजावर होती, आणि ती शोधायला वीस मिनिटं लागली. एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. वाऱ्या-पावसाने इतकं झिजलंय की आधी माहीत नसेल तर दगडाचा गोळा वाटावा. हा गेंडा खरा होता. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो अल्बुकर्ककडे पाठवला, अल्बुकर्कने गोव्याहून राजाला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. तिथे त्याला ‘गंडा’च म्हणत, म्हणजे नावही आपल्याकडूनच गेलेलं. जर्मन चित्रकार ड्यूररने तो प्रत्यक्ष न पाहता, वर्णनावरून त्याचं प्रसिद्ध चित्र केलं. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून रवाना केला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून तो बुडाला.

बेलेंमध्ये आपल्या किनाऱ्यावरून आलेलं, ज्याला चेहरा आहे असं मला सापडलं ते एवढंच. एक गेंडा.

जळकं चर्च

लिस्बनला जखम दाखवता येत नाही, असं मी बेलेंहून परतताना ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी शहराने मला खोटं पाडलं.

रोसियो चौकाच्या बाजूला सांव दोमिंगुश चर्च आहे. बाहेरून साधं. आत पाऊल टाकलं की जळक्या गुहेत आल्यासारखं वाटतं. १९५९ मध्ये इथे मोठी आग लागली. दुरुस्ती झाली, १९९४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, पण खांबांचे उडालेले कपचे, भाजून तडकलेला दगड, काळवंडलेल्या भिंती तशाच ठेवल्या. वर नव्या छताला विटकरी रंग, खाली सगळीकडे व्रण. बाया येतात, मेणबत्ती लावतात, त्या व्रणांमध्येच प्रार्थना करतात. इतकं प्रामाणिक वास्तुकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

तसंच वर टेकडीवरचं कार्मु. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंप झाला. मग समुद्राची लाट आली, मग आग. शहराचा सखल भाग पार नाहीसा झाला. तो मंत्री पोंबालने आखीव रस्त्यांनिशी नव्याने बांधला. भिंतींत लाकडी सांगाडे घातले आणि ते टिकतात का हे पाहायला त्यांच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. पण कार्मुच्या चर्चला पुन्हा छप्पर आलं नाही. आज नुसत्या कमानी आकाशाखाली उभ्या आहेत, खाली गवत. त्याच कार्मुच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी आणि गर्दीने पोलिसदलाच्या मुख्यालयाला वेढा घातला आणि सालाझारचा वारस कायतानु शरण आला. बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली होती.

म्हणजे या शहराला जखम उघडी ठेवता येते. नुसती येत नाही, सुंदर रीतीने येते. सालाझारच्या नावाचा पूल एका वर्षात ‘२५ एप्रिल पूल’ झाला. अल्जुब या जुन्या राजकीय कैदखान्यात २०१५ मध्ये संग्रहालय उघडलं. तिथल्या कोंदट कोठड्या पाहून मी बाहेर आले तेव्हा समोरून अठ्ठावीस नंबरची ट्राम चालली होती, प्रत्येक खिडकीतून एकेक फोन बाहेर आलेला. सांव दोमिंगुशच्या दारातही एक स्मारक आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये याच चर्चमधून उसळलेल्या जमावाने सक्तीने ख्रिस्ती केलेल्या शेकडो ज्यूंची कत्तल केली. राजा तोच, जेरोनिमुशवाला मानुएल. स्मारक साधं आहे, माणसाच्या उंचीचं, त्यावर चढून फोटो काढायची सोय नाही. त्याच्याभोवती संध्याकाळी पश्चिम आफ्रिकेतून आलेली मंडळी कट्ट्यावर बसावं तशी गप्पा मारत बसतात. शेजारी लोक चेरीची दारू छोट्या पेल्यातून उभ्या उभ्या पितात. मला हा लिस्बनचा सर्वांत जिवंत चौक वाटला.

तिथे बसूनच मला माझा मुद्दा सापडला. लिस्बन स्वतःला झालेली जखम उघडी ठेवतं : भूकंप, आग, हुकूमशाही. स्वतःच्या माणसांना केलेली जखमही, पाचशे वर्षांनी का होईना, कबूल करतं. पण समुद्रापलीकडच्यांना केलेली जखम आली की पांढरा दगड येतो, शिडं येतात, वारा येतो. रोसियोवर जिथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा वाडा होता. त्याच इन्क्विझिशनचं न्यायालय १५६० मध्ये गोव्यात बसलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्या गोव्याची आठवण मला या चौकात कुठे दिसली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे : लिस्बन म्हणजे फक्त सालाझारचं काँक्रीट नव्हे. २०१७ मध्ये शहराच्या अंदाजपत्रकातला काही पैसा कशावर खर्च करायचा यासाठी नागरिकांनी मतं दिली, तेव्हा गुलामांच्या स्मारकाची कल्पना निवडून आली. अंगोलाच्या किलुआंजी किया हेंडाचा आराखडा ठरला : काळ्या धातूच्या उसांचं शेत, ज्याच्या आत शिरून चालायचं. वर चढायचं नाही, आत शिरायचं. पाद्रांवला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही. पण ते वर्षानुवर्षं रखडलं. हुकूमशाहीला बेलेंमध्ये प्रदर्शन भरवायला जितका उत्साह होता, तितका लोकशाहीला ऊस लावायला नाही. २०२१ मध्ये पाद्रांववर कुणीतरी रंगाच्या फवाऱ्याने ओळी लिहिल्या. त्या मात्र लगेच पुसल्या.

त्याच रुळांवर पुढे

मराठीत पोर्तुगीज शब्द भरपूर आहेत. पाव, बटाटा, काजू, हापूस, बादली, घमेलं, मेस्त्री, पगार, चावी. ही यादी आपण कौतुकाने सांगतो, रील्सही आहेत. त्या यादीत एक शब्द सहसा नसतो : तुरुंग. तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला. त्रोंकु म्हणजे झाडाचा बुंधा, ओंडका. कैद्याचे पाय ज्यात अडकवत तो लाकडी खोडा, आणि मग कोठडी. आज लिस्बनमध्ये कैदखान्याला त्रोंकु म्हणत नाहीत. तिथे तो पुन्हा झाडाचा बुंधा झालाय. कैद तेवढी आपल्याकडे राहिली.

आजोबांच्या फळीवर मोहन रानड्यांचं ‘सतीचे वाण’ होतं, कव्हर गेलेलं, खाकी कागद घातलेलं. रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षं. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. ज्याच्यासाठी ते आत होते ते मिळालं, तरी ते आतच. सुटले जानेवारी १९६९ मध्ये, सात वर्षांनी. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात जिवाचं रान केलं. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपची भेट घेऊन रदबदली केल्याचंही सांगतात. त्यांच्याआधी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा पेनिशच्या किल्ल्यात होते. त्या किल्ल्याचं आता संग्रहालय झालंय. काशियाशचं झालेलं नाही.

‘काशियाश’ हा शब्द आजोबा नीट उच्चारायचे. बाकी एकही पोर्तुगीज नाव त्यांना जमत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी काइश दु सोद्रे स्टेशनवर नकाशा पाहत होते आणि दचकले. बेलेंला जाणारी लोकल तीच. बेलें, मग अल्जेश, मग क्रुश केब्राद, मग काशियाश. तीन स्टेशनं. पहिल्या दिवशी मी याच गाडीतून बेलेंला उतरले होते, आणि गाडी पुढे काशियाशलाच गेली होती.

या वेळी बेलेंला डबा अर्धा रिकामा झाला. काशियाशला माझ्याबरोबर दोन शाळकरी मुलं आणि टॉवेल खांद्यावर टाकलेले एक आजोबा उतरले. स्टेशनपासून समुद्र जवळ आहे. किल्ला दुसऱ्या बाजूला, टेकडीवर. चढून गेले. पाहायला काही नाही, कारण तिथे आजही तुरुंगच आहे. भिंत, कुंपण, कॅमेरे, भेटीला आलेल्या कुणाची तरी गाडी. १९७४ च्या क्रांतीनंतर २६ एप्रिलच्या रात्री इथले राजकीय कैदी बाहेर आले, दाराशी नातेवाईक रात्रभर ताटकळत होते. रानडे त्याच्या पाच वर्षं आधी बाहेर पडले होते. मी कुंपणापासून लांबच उभी राहिले. फोन काढला आणि परत ठेवला. तुरुंगाचा फोटो काढताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं, तेही कोणत्या भाषेत?

समीक्षक म्हणून मला इथे अडचण आहे. पाद्रांववर मी तासभर बोलू शकते, कारण ते बोलतं. काशियाश बोलत नाही. पण लिस्बनमध्ये मराठी माणसाच्या नावाने काही घडलं असेल तर ते इथे, आणि त्याचा अर्थ लावायची जबाबदारी पोर्तुगीजांवर ढकलता येणार नाही. आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? रानडे २०१९ मध्ये पुण्यात वारले. त्याच पुण्यात मी तेव्हा कॉलेजात होते, आणि तेव्हाची बातमी मी वाचल्याचं मला आठवत नाही. मुंबईहून गोव्याला जाताना पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक लागतं. मी निदान दहा वेळा तिथून गेलेय. आम्ही कधीच थांबलो नाही, कारण पुढे समुद्र असतो. वसई जिंकून आणलेल्या पोर्तुगीज घंटा आपण देवळांत अभिमानाने टांगल्या, त्या मात्र प्रत्येक गाइड दाखवतो. जिंकल्याची खूण ठेवायची, सोसल्याची विसरायची, ही सवय एकट्या लिस्बनची नाही.

म्हणून लिस्बनला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. जा. बेलेंला उतरा, दालचिनी भुरभुरून नाता खा, पाद्रांवच्या सावलीत उभे राहून त्याची ताकद मान्य करा. नकाशावर पाय ठेवायच्या आधी खाली काय आहे ते बघा. मग परत स्टेशनवर या आणि पुढची गाडी पकडा.

संध्याकाळी काशियाशच्या फलाटावर मी एकच फोटो काढला, स्टेशनच्या पाटीचा. घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. भारतात मध्यरात्र होत आली होती. आत्या जागी होती. तिने दोन मिनिटं टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी आलं ते एवढंच : “बाबा म्हणायचे ते हेच?”

मी ‘हो’ लिहिलं. गाडी आली. बेलेंला डबा पुन्हा गच्च भरला.